लाकडी विमानाची काळी वायर

"काहीतरी उपट."

नोएडातल्या त्या घराची वरची खोली भाड्याने बघायला मी गेले, तेव्हा घरमालकीणबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिले दोन शब्द. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचं काय ठरलंय तेही विचारलं नाही. समोर भिंतीवर एक लाकडी फळी होती. तिच्यावर ट्रकमध्ये असतात तसल्या रंगीत फ्यूजांच्या दोन रांगा, आणि खाली वायरींची जुडी, शाळेतल्या मुलीच्या वेणीसारखी जागोजाग दोऱ्याने आवळलेली.

"कुठलाही एक. भिऊ नको, बारा व्होल्ट आहे, चावत नाही."

मी एक निळा फ्यूज उपटला. कोपऱ्यातला रेडिओ गप्प झाला.

"रेडिओ मेला. पंखा?"

"चालू आहे."

"दिवा?"

"तोही."

"म्हणजे एक मेला आणि घर जगलं. बस आता, चहा टाकते."

ही परीक्षा माझी नव्हती, घराची होती. येणाऱ्या प्रत्येकाला एक फ्यूज उपटावा लागे. दूधवाला उपटायचा, पोस्टमन उपटायचा. निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडून आला, त्याने उत्साहात तीन उपटले. बाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "एक म्हटलं होतं. एक आणि तीन ज्याला कळत नाही, त्याच्या हातात मी राज्य देऊ?"

त्या काळात मी पुण्याहून दिल्लीला येऊन ग्राहकांच्या एका छोट्या संघटनेत पत्रकं लिहीत होते. विषय वीज. बाजार नुकता खुला झाला होता. सेक्टरच्या कोपऱ्यावर परदेशी शीतपेय मिळत होतं, ते गार करायला वीज मिळत नव्हती. बिल्डर लोक भिंतींना संगमरवर लावत होते आणि भिंतीच्या आत सुतळीसारखी वायर घालत होते. घरं विकत घेणारे संगमरवर बघून पैसे मोजत होते. हे सगळं मी दर पंधरवड्याला चार पानांत छापत होते, आणि लोक त्या पानांत भेळ खात होते. राग येणं हे माझं कामच होतं.

बाईंना राग येत नसे. त्या फक्त "हा मेला तर काय?" असं विचारत.

हा प्रश्न त्यांचा धंदा होता. देशात मोजके का होईना, पण असे लोक असतात, जे स्वतःच्या शेडमध्ये स्वतःच्या हातांनी एक-दोन माणसांचं छोटं विमान बांधतात. सांगाडा बांधून होतो, इंजिन बसतं, आणि मग गाडी अडते ती विजेपाशी. सुरू करायला बॅटरी, पेट्रोलचा पंप, रेडिओ, दिवे, काटे, या सगळ्यांना वीज कुठून कशी न्यायची? ते लोक बाईंना पत्र लिहीत. बाई त्यांना आराखडा काढून देत.

बाई ग्वाल्हेरच्या. तिथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या, म्हणून त्यांच्या बोलण्यात "अच्छा" आणि "बिल्कुल" आमच्यासारखे नंतर चिकटलेले नव्हते, जन्मापासूनचे होते. नोकरी दिल्लीत, विमानं दुरुस्त करणाऱ्या एका सरकारी कार्यशाळेच्या ड्रॉइंग ऑफिसात. तिथे ड्रॉइंग बोर्डापाशी उभी राहणारी एकटी बाई. तीस वर्षं विमानांच्या वायरिंगचे नकाशे त्यांनी काढले, आणि नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात 'रचनाकार' असा जो चौकोन असतो, त्यात तीस वर्षं साहेबांचं नाव पडलं. एक साहेब निवृत्त झाला की दुसऱ्याचं. हे त्यांनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं. मी ताडकन उठले.

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गप्प कुठे, पुढचं ड्रॉइंग काढत होते. कोथिंबीर सांड नको."

कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचावा तशी त्या वायर सोलायची पकड खोचून फिरत. लोणच्याच्या बरण्यांत वायरींचे तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवलेले असत, आणि खरं लोणचं फ्यूजांच्या डब्यात. विमानाच्या वायरी बांधायचा मेणाचा दोरा मिळतो, त्याच दोऱ्याने त्या पुडे बांधत, पडदे बांधत, एकदा माझी तुटलेली चप्पल बांधली. ती चप्पल फाटली, दोरा शाबूत राहिला.

आणि एक वही. लांबट, कापडी पाठीची. कुठलंही विमान हाती घेतलं की पहिल्या दिवशी बाई नकाशा काढत नसत. त्या वहीत मयतांची यादी करत. पानावर चार रकाने: कोण मेलं, चालवणाऱ्याला काय दिसेल, तो काय करेल, घरी कसा पोचेल. बॅटरी मेली. वीज तयार करणारं यंत्र मेलं. मुख्य बटण मेलं. एकेका जिवंत वस्तूला त्या कागदावर मारत, आणि चौथा रकाना कोरा राहिला तर पुढे सरकत नसत. सगळी मंडळी मारून झाली की मग आराखड्याची पहिली रेघ.

"आधी श्राद्ध, मग बारसं," त्या म्हणत.

सेक्टरमध्ये लोक त्यांना 'फ्यूजवाली आंटी' म्हणत आणि पाठीमागे कानाजवळ बोट फिरवत. फिरवू देत. एकदा इन्व्हर्टर विकणारा एक टायवाला आला. म्हणाला, "आंटीजी, इंपोर्टेड माल है, कभी फेल नहीं होता." बाई म्हणाल्या, "फिर तो मुझे नहीं चाहिए. जो कभी फेल नहीं हुआ, उसका मिज़ाज मुझे क्या मालूम?" त्याला वाटलं, बाई चळल्या. मला विचाराल तर त्या सेक्टरमध्ये शुद्धीवर असलेलं तेवढं एकच माणूस होतं.

शेजारच्या घरी मुलीचं लग्न होतं. दुपारी मांडववाल्याची माणसं रोषणाई लावत होती, आणि उत्तरेत सगळीकडे लावतात तशीच लावत होती: प्लग नाही, वायरीची उघडी टोकं सरळ सॉकेटमध्ये घालायची आणि ती हलू नयेत म्हणून वर आगपेटीच्या काड्या खुपसायच्या. वर कापडाचा मांडव, खाली वाळलेलं गवत. बाई मधली भिंत ओलांडून गेल्या. दरवाजाने नाही, भिंत ओलांडून, पासष्टाव्या वर्षी. गेल्या त्या मेन स्विच पाडूनच थांबल्या.

"आंटीजी, बीस साल से ऐसे ही कर रहे हैं," मांडववाला ओरडला.

"बीस साल से बचे हुए हो. करना और बचना, दोनों अलग बात है, भैया."

वऱ्हाड यायला चार तास होते. बाईंनी मुलीच्या सुटाबुटातल्या मामाला खाली बसवून वायरी सोलायला लावल्या. मामा घाम पुसत म्हणाला, "मैं बैंक में मैनेजर हूँ जी." बाई म्हणाल्या, "कोई बात नहीं, सीख जाओगे." लग्न झालं. काहीही जळलं नाही. आणि कुणीही आभार मानले नाहीत. जे जळलंच नाही, त्याचे आभार कोण मानतो?

आता तनेजांचं विमान.

तनेजा फरीदाबादचे. ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवायचा त्यांचा छोटा कारखाना होता आणि त्यामागच्या शेडमध्ये सहा वर्षं एक दोन सिटांचं विमान जन्म घेत होतं. सांगाडा लाकडाचा, वरून ताणून बसवलेलं कापड. ते चालवणार होती त्यांची मुलगी सिम्मी. तिच्याकडे वैमानिकाचा परवाना होता. नव्या खासगी विमान कंपन्यांतून तिला "मॅडम, एअर होस्टेस के लिए अप्लाय कीजिए" असं ऐकवलं गेलं होतं. याच्यावर मी एक वेगळं पत्रक लिहिलं होतं, ते राहू दे.

तनेजांचं म्हणणं, विमान 'इंपोर्टेड' वाटलं पाहिजे. त्यांनी बाजारातून चकचकीत बटणं आणि चोवीस रंगीत दिवे आणले होते. बाईंनी दिवे मोजले आणि पिशवी परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"तनेजाजी, लड़की को उड़ना है कि दिवाली मनानी है?"

"मॅडमजी, थोड़ी शान तो होनी चाहिए."

"शान उतरने के बाद. दो दिए रखूँगी. एक लाल, एक पीला."

त्यांचा आराखडा मला पोळ्या लाटताना समजावला गेला, म्हणून तो मला आजही पाठ आहे. तांब्याच्या दोन पट्ट्या. मोठ्या पट्टीवर सगळा संसार: दिवे, हीटर, चैनीच्या वस्तू. लहान पट्टीवर फक्त विमान खाली आणायला लागतं तेवढंच: पंप, रेडिओ, दोन काटे. "मोठी पट्टी म्हणजे घर. लहान पट्टी म्हणजे घराला आग लागली तर काखोटीला मारून पळायचं ते गाठोडं." एखादी वस्तू गेली की पिवळा दिवा लागणार, मोठी पट्टी गेली की लाल. लाल लागला की सिम्मीने एकच बटण दाबायचं, बाकी सगळं सोडून द्यायचं आणि गाठोड्यावर घरी यायचं. आणि फ्यूज सगळे सीटच्या मागे, तिचा हात पोचणार नाही असे.

"हात का पोचू द्यायचा नाही?"

"कढईत पुरी टाकलेली असताना गॅसची नळी बदलशील? नाही ना? विमान उडवताना पोरीने विमानच उडवायचं. दुरुस्ती जमिनीवर."

हा आराखडा परवान्यासाठी विमान खात्याच्या दिल्लीतल्या कार्यालयात गेला आणि दोन महिन्यांनी सरकारी पत्र आलं. दोन हरकती. एक, फ्यूज वैमानिकाच्या हाताशी हवेत. दोन, 'रचनाकार' या चौकोनात बाईंचं नाव चालणार नाही, मान्यताप्राप्त अभियंत्याचं हवं. एकदा तपासणी होईल, तीत हे दुरुस्त दिसलं नाही तर फाइल कायमची बंद. मान्यताप्राप्त अभियंत्यांची यादी सोबत जोडली होती. तिसरं नाव बाईंच्या शेवटच्या साहेबांचं होतं.

तनेजा पत्र घेऊन आले ते अवघडूनच बसले. "मॅडमजी, बुरा मत मानना. साहब की एक साइन ले लेते हैं. काम तो आपका ही रहेगा ना?"

बाई चहा टाकायला गेल्या आणि साखर घालायला विसरल्या. मी त्या घरात दोन वर्षं राहिले. साखर विसरल्या ती एकदाच.

तनेजा वाईट माणूस नव्हता. सहा वर्षांचं विमान आणि एकुलती मुलगी एका चौकोनावर अडकली होती. पण मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहून काढलं. मथळा, 'खुर्चीला पंख नसतात'. हजार प्रती छापायच्या, त्या कार्यालयाच्या फाटकावर वाटायच्या, वर्तमानपत्रांना द्यायच्या. दुसऱ्या दिवशी मी ते बाईंना वाचून दाखवलं. जेवणाचं टेबल तेव्हा उरलं नव्हतं. तनेजांच्या विमानाची सगळी वायरिंग खऱ्या लांबीची करून त्यांनी घरभर पसरली होती. बॅटरी बाल्कनीत, काटे फ्रिजला टेकवून, शेपटीचा दिवा माझ्या जिन्यात. पंपाच्या जागी गाडीच्या हीटरची मोटर गुणगुणत होती. त्या पसाऱ्यातच मी उभी राहून वाचलं, हातवारे करून.

बाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "छान आहे. हे मेलं तर काय?"

"म्हणजे?"

"यात एकच वाट आहे. पत्र लिहिणारा तो अधिकारी वाचेल आणि शरमेल. नाही शरमला तर? चिडला तर? सिम्मी घरी कशी पोचेल?"

मला फार लागलं ते. कारण खरं होतं. आणि खरं लागलं की माणूस समोरच्याची चूक शोधतो. मी त्यांची वही उचलली आणि मयतांची यादी मोठ्याने वाचायला लागले. बॅटरी आहे. पंप आहे. मुख्य बटण आहे. लाल वायरी एकूण एक आहेत, नंबर घालून. "आणि ही?" मी खालून जाणारी एक जाड काळी वायर धरली. लांबच लांब, सगळ्या वस्तूंना शिवून बाल्कनीतल्या बॅटरीकडे परत जाणारी. "ही कुठंय यादीत? हिचं श्राद्ध नाही घातलंत?"

"अगं, ती तर नुसती परतीची..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

मी रागातच ती बोल्टावरून ओढली.

मोटर थांबली. काटे पडले. मोठी पट्टी गेली, लहान पट्टी गेली, जिन्यातला दिवा गेला. त्या घरात मी पहिल्यांदा सगळं एकदम मेलेलं बघितलं.

विजेला जायला जशी वाट लागते, तशी परत यायलाही लागते, एवढं शाळेत मीही शिकले होते. बाईंनी तीस वर्षं धातूच्या विमानांचे नकाशे काढले. धातूच्या विमानात परतीची वाट म्हणजे विमानाचं अंगच. सगळं धातूचं, वीज कुठूनही परत येते, तिच्यासाठी रेघ काढायचीच नसते. तनेजांचं विमान लाकडाचं होतं. लाकडातून वीज परत येत नाही. म्हणून बाईंनी सगळ्यांसाठी मिळून एक काळी वायर टाकली होती, पण तीस वर्षांच्या सवयीने तिला वस्तू म्हणून मोजलंच नव्हतं. जायला दोन पट्ट्या, यायला एकच वायर, एकच बोल्ट. ती सैल झाली असती तर पंप, रेडिओ, काटे, सगळं एकदम. आणि वर सिम्मी.

भिंतीवरच्या फळीतूनही इतकी वर्षं माणसं रंगीत फ्यूजच उपटत आली होती. काळ्या वायरीला कुणी हात लावला नव्हता.

मला वाटलं, बाई रडतील. त्या खुर्चीवर बसल्या, काळ्या वायरीचं टोक हातात घेऊन हसायला लागल्या. खो खो, पदर तोंडाला लावून.

"बिल्कुल गाढव आहे मी. बिल्कुल! मुली, तू आज माणूस वाचवलंस. जा, त्या फ्यूजांच्या डब्यात लोणचं आहे, आण."

त्याच दुपारी त्यांनी कार्यालयाला पत्र लिहिलं. इंग्रजीत, एक पान. मजकूर असा: माझ्या आराखड्यात एक गंभीर चूक आहे, ती आपल्या पत्रात नमूद नाही. मग चूक काय ते. मग, ही चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाचीही नाही. दुरुस्तीला तीन आठवडे द्यावेत. आणि फ्यूज मात्र सीटच्या मागेच राहतील, त्याची कारणे सोबत.

मी डोक्याला हात लावला. "बाई, तुम्ही त्यांच्या हातात काठी देताय! विरोधकाला स्वतःची चूक लेखी देतं का कुणी?"

"तो विरोधक कुठे आहे? तो तपासनीस आहे. मी तपासायला मदत केली."

"फाइल बंद करेल तो!"

"मग बंद करेल. चुकीच्या वायरीवर पोर उडण्यापेक्षा बरं."

पत्रकाच्या हजार प्रती माझ्या पलंगाखाली राहिल्या. बाईंनी लहान पट्टीला स्वतःची छोटी बॅटरी दिली, स्वतःची काळी वायर, विमानाच्या दुसऱ्या अंगाने जाणारी, आणि स्वतःचा बोल्ट. वहीत नवीन पान उघडलं. त्यावर नुसत्या काळ्या वायरी, प्रत्येकीचं वेगळं श्राद्ध.

तीन आठवड्यांनी तपासणी अधिकारी आला. तो फरीदाबादच्या शेडवर जाईल असं आम्ही धरून होतो. तो तनेजांना सोबत घेऊन सरळ नोएडाला, बाईंच्या घरी आला. पन्नाशीचा, बारीक, हातात आमची फाइल. दारातच म्हणाला, "नमस्ते माताजी. ये डिज़ाइन जिन्होंने बनाया, वो घर पे हैं?"

माझी कानशिलं तापली. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हैं. कुछ उखाड़िए."

मग पुढे जे झालं ते मी आयुष्यभर सांगत राहणार आहे. त्या माणसाने कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि तीन तास उपटत राहिला. लाल वायरी, निळ्या वायरी, फ्यूज, बटणं. प्रत्येक वेळी बाई वहीचं पान उघडत आणि त्याने उपटायच्या आधीच सांगत, "अब पीला दिया जलेगा, रेडियो रहेगा." पिवळा दिवा लागे, रेडिओ राही. शेवटी तो गुडघ्यांवर बसला आणि पत्रात लिहिलेली ती जाड काळी वायर शोधून काढली. त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली. त्याने ओढली.

मोठी पट्टी मेली. लाल दिवा लागला. फ्रिजला टेकवलेला काटा जागचा हलला नाही. पंपाची मोटर गुणगुणत राहिली.

"दोनों काली एक साथ निकालूँ तो?" त्याने विचारलं.

"तो सब जाएगा. दो एक साथ मरें, उसकी गारंटी मैं नहीं देती. लिख लीजिए."

त्याने खरंच लिहून घेतलं. मग फ्यूजांचा वाद झाला, अर्धा तास. कढईतली पुरी हिंदीत आली. तो हसला. हरकत क्रमांक एक खोडली.

आता तो चौकोन. तनेजा एवढा वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते घाईने म्हणाले, "साहब, नाम का इंतज़ाम हम कर लेंगे, किसी रेकग्नाइज़्ड..."

"ठहरिए," अधिकारी म्हणाला. त्याने फाइलीतून बाईंचं ते एकपानी पत्र काढलं. "नियम में लिखा है, जो डिज़ाइन के लिए जवाबदेह हो, उसका नाम. यादी दफ़्तर की सहूलियत के लिए है. इतने साल में डिज़ाइन के मालिक मैंने बहुत देखे, मॅडम. गलती का मालिक पहली बार देखा."

आणि त्याने हरकत क्रमांक दोन खोडली. समोर, पेनाने, सही करून. माताजीची मॅडम कधी झाली, ते त्याच्याही लक्षात आलं नसेल.

मी पत्रकवाली आहे. सरकारी माणसाचं कौतुक करायची मला सवय नाही. पण खरं ते खरं. जाता जाता तो दारात रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मैंने भी यहीं सेक्टर में फ़्लैट लिया है. कभी वायरिंग देख लेंगी?" बाईंनी त्याला विचारलं, संगमरवर लावलाय का? तो "हाँ" म्हणाला. बाईंनी नुसता सुस्कारा सोडला.

नकाशाची पक्की प्रत निघाली. उजव्या कोपऱ्यात, चौकोनात, बाईंचं पूर्ण नाव. ते मी इथे लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. तनेजांनी त्या नकाशाला पेढा लावला. बाईंनी तो लगेच पुसला, कारण डाग पडला तर सात नंबरची वायर वाचता आली नसती.

उड्डाण फेब्रुवारीत झालं, हरियाणातल्या एका जुन्या धावपट्टीवर. सकाळची दहाची वेळ, धुकं संपलेलं, मोहरीची शेतं पिवळी. तनेजांच्या कारखान्यातली सगळी माणसं टेम्पोत बसून आली होती. अधिकारीही आला होता. त्याची एकच अट उरली होती: वर गेल्यावर सिम्मीने मोठी पट्टी मुद्दाम बंद करायची आणि लहान पट्टीवरून खाली बोलून दाखवायचं. तेवढं झालं की परवाना.

सिम्मी उडाली. किती सहज उडाली! सहा वर्षं जे शेडमध्ये उभं होतं, ते दोन शेतं ओलांडेपर्यंत हवेत होतं. लोक ओरडले, तनेजा मटकन खाली बसले. बाई जीपपाशी उभ्या होत्या. जीपच्या बॉनेटवर रेडिओ ठेवला होता.

"हज़ार फुट," सिम्मीचा आवाज आला. "मेन बंद कर रही हूँ."

आणि रेडिओ गप्प.

खरखर. नुसती खरखर. वर विमान दिसत होतं, पण दिसणं आणि बोलणं यात केवढं अंतर असतं ते मला त्या दिवशी कळलं. तनेजांनी डोळे मिटले होते. मी बाईंच्या हाताकडे बघितलं. बोटं एकेक करून दुमडत होती. त्या मनात वायरी मोजत होत्या, एकेक, शेवटपर्यंत.

"...आवाज़ आ रही है? बटन ज़रा टाइट था, हाथ उसी में था. लाल दिया जल रहा है, बाकी सब ठीक है. पंप चालू, दोनों काँटे चालू. पापा? आंटीजी?"

काय आरडाओरडा झाला! टेम्पोतली माणसं नाचायला लागली. अधिकाऱ्याने मांडीवर फाइल ठेवून तिथल्या तिथे सही ठोकली आणि मग त्याला कळेना, पेनाचं काय करायचं, तेव्हा त्याने ते तनेजांना देऊन टाकलं. मी कुणाला तरी मिठी मारली. कोण ते आजही माहीत नाही, अंगाला ग्रीसचा वास होता.

बाईंनी रेडिओ उचलला. बटण दाबलं.

"सिम्मी, बटन मैं ढीला कर दूँगी. मेन चालू कर."

"कर दिया. आंटीजी, टेस्ट हो गया ना? वापस आ जाऊँ?"

बाईंनी वर बघितलं. हात कपाळावर आडवा धरून, डोळे बारीक करून, पहिल्यांदाच वायरी सोडून नुसत्या विमानाकडे. पांढरं कापड उन्हात चमकत होतं.

"किस लिए?" त्या म्हणाल्या. "क्या जल्दी है? घूम ले."

वर विमान क्षणभर तसंच सरळ गेलं. मग सिम्मीने पंख कलवला आणि धावपट्टीकडे पाठ करून, मोहरीच्या शेतांवरून, ती लांबच लांब निघून गेली.